जिन्याखालचा पलंग

केसरीनाथला आमच्या खारबावच्या आळीत सगळे ओळंबा म्हणतात, भिंत सरळ आहे का बघायला गवंडी सोडतो तो. हे नाव त्याला भिवंडीच्या पॉवरलूम कारखान्यात पडलं आणि तिथून ते गावात आलं. तिथे तो जॉबर होता, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. माग जरा कलला की सूत तुटतं, म्हणून या माणसाची सगळी उमेद कललेलं सरळ करण्यात गेली आणि पुढे ती खोड घरी आली. दुसऱ्याच्या भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं दिसलं तरी हा उठून नीट करणार. माझ्या ओट्यावर चहाला आला की आधी माझ्या चपला जोडीने लावणार, मग टेकणार. मी शाळेत मास्तरीण होते, पोरांना ओळीत उभं करण्यात माझी हयात गेली, तरी या माणसाने मला वात आणला होता.

मालकाने माग भंगारात विकले तेव्हा केसरीनाथ कशेळीच्या एका गोदामावर वॉचमन म्हणून लागला. उरलेला जीव त्याने घरापुढच्या अंगणात ओतला. आमच्याकडे खाडी जवळ, त्यामुळे उन्हाळ्यात विहिरीचं पाणी मचूळ होतं. शहाणी माणसं त्या दिवसांत फुलझाडांच्या नादी लागत नाहीत. हा मात्र थंडीतच मोगऱ्याची छाटणी करायचा, पाणी तोडायचा, पानं उतरवायचा, आणि शिमगा झाला की खत घालून पाणी पुन्हा सुरू करायचा. मग चैत्र-वैशाखात आळीभर मोगऱ्याचा वास. कुंपणाला अबोली, दाराशी सदाफुली, रंगाच्या रिकाम्या डब्यांत चिनी गुलाब, आणि ते डबेसुद्धा सुतळी धरून एका रांगेत लावलेले. झाडांना गोडं पाणी हवं म्हणून त्याची बायको अनसूया लांबून हंडे आणायची आणि वाटभर त्याचा उद्धार करायची. फुलं ह्यांची आणि मान माझी, असं ती म्हणायची. ते खरंच होतं.

त्यांना एकच मुलगी, रीमा. माझ्याच हाताखाली शिकली. अभ्यासात बेताची, पण दुखलंखुपलं सांगायचं नाही यात पहिला नंबर. एकदा बाकाच्या खिळ्याने तिचा पाय चांगला फाटला, तर ही पायाखाली रुमाल धरून शाळा सुटेपर्यंत गप्प बसली. फरशीवर रक्त आलं तेव्हा मला कळलं. देवाने तोंड कशाला दिलंय, म्हणून मी तिला फैलावर घेतलं होतं. ती हसली आणि काही लागलं नाही बाई, म्हणाली.

तिला भिवंडी शहरात दिली. जावई दीपेश स्वभावाने गरीब, आईच्या शब्दाबाहेर नाही. त्याच्या घरची बिशी होती. मागावर राबणाऱ्या परमुलखातल्या कामगारांच्या खाणावळीला भिवंडीत बिशी म्हणतात. महिन्याचे पैसे भरायचे आणि दोन्ही वेळा जेवायचं. लग्नाआधी घर बघायला आम्ही गेलो, मीही होते. खाली मोठं स्वयंपाकघर आणि जेवायची लांबट खोली, वर दोन खोल्या. रस्त्याकडची खोली नव्या जोडप्याची, असं दीपेशच्या आईने, बायजाबाईंनी, दाखवलं. तिला खिडकी होती, पंखा होता. केसरीनाथने खिडकीची चौकट हलवून पाहिली, समाधान झालं, चहा प्यालो आणि निघालो.

त्यानंतर मात्र त्याने त्या घरात पाय ठेवला नाही. आमच्या बाजूच्या जुन्या घरांत एक रीत होती. लेकीला मुलगा होईपर्यंत आईबापाने तिच्या घरी अन्नपाणी घ्यायचं नाही. आता ती कोण पाळतं? लेकीकडे जाऊन बिर्याण्या चापून येतात लोक. पण ओळंबा तो ओळंबा. रीमाला मुलगी झाली, नीरजा, आणि पुढे काही झालं नाही. त्यामुळे केसरीनाथची रीतही पुढे सरकली नाही. पाणी घ्यायचं नाही म्हणून आत बसायचं नाही. कारण आत बसलं की तांब्या पुढे येणार, नको म्हटलं की विहीणबाईंचा अपमान होणार. त्यापेक्षा उंबऱ्याच्या बाहेर उभं राहिलेलं बरं, असा त्याचा हिशेब. अनसूयेलाही त्याने तेच लावून दिलं. मी त्याला तोंडावर मूर्ख म्हटलं होतं. रीत मोडायला अक्कल लागते, ती तुझ्याकडे नाही, असंही म्हटलं होतं. तो माझ्या दाराचा पडदा सारखा करत राहिला.

उन्हाळाभर दर शनिवारी तो भिवंडीला जायचा. त्या दिवशी त्याला गोदामातून सुट्टी. सकाळी कळ्या खुडायच्या, अनसूयेने त्या केळीच्या पानात बांधून द्यायच्या, आणि हा शेअर रिक्षात मांडीवर पुडी धरून बसायचा. दारात जाऊन हाक मारली की रीमा पदराला हात पुसत यायची, पुडी नाकाशी धरायची. बरी हायेस का, बरी हाय, एवढं बोलणं व्हायचं. बायजाबाई आतून म्हणायच्या, आत या ना व्याही, आणि हा हात जोडून मागे फिरायचा. मायलेकी फोनवर बोलायच्या, पण फोन करायचा तो बिशीच्या धबडग्यात, सगळ्यांसमोर. माहेरी यायला रीमाला सवड नव्हती. दिवसपाळीचा कामगार जेवून गेला की रातपाळीचा यायचा, बिशीला कसली मे महिन्याची सुट्टी. नीरजाला मात्र ती शाळेला सुट्टी लागली की खारबावला पाठवून द्यायची.

त्या नातीसाठी केसरीनाथने बाहुलीघर बांधलं. गोदामातून फ्रिजचं जाड पुठ्ठ्याचं खोकं आणलं आणि पोलादी पट्टी लावून असं कापलं, की सुताराने बघत राहावं. दोन मजले, उघडझाप होणाऱ्या खिडक्या, घडीच्या कागदाचा जिना. बांधकाम आजोबांचं, सजावट नातीची. रांगोळीचे रंग डिंकात कालवून तिने भिंती रंगवल्या. शिंप्याकडच्या चिंध्यांचे पडदे केले, काड्यापेट्यांचं कपाट केलं, त्याला मण्यांच्या मुठी लावल्या. मागावरच्या जुन्या लाकडी कांड्या, ज्यांवर सूत गुंडाळतात त्या, केसरीनाथकडे पोतंभर होत्या. त्यांचे खांब झाले, पिंप झाले. घरासमोर बाग हवीच म्हणून बाटल्यांच्या बुचांत माती भरून त्यात चिनी गुलाबाची टोकं खोचली. ती खरोखर फुटली. सकाळी आजोबा मोठ्या बागेला पाणी घालत आणि नीरजा चमच्याने त्या बागेला. त्या दोघांना तसं बघताना मलासुद्धा बरं वाटायचं, आणि मला सहसा काही बरं वाटत नाही.

पहिल्या उन्हाळ्यात ते नुसतं घर होतं. गेल्या मे महिन्यात नीरजा आली ती सात वर्षांची होऊन, आणि म्हणाली की हे आता आमचं घर आहे, भिवंडीचं. तिने खाली स्वयंपाकघर मांडलं. कांड्यांना लाल रंग दिला आणि ते सिलिंडर म्हणून जिन्याखाली उभे केले. त्यांच्या शेजारी, जिन्याखालच्या तिरप्या जागेत, काड्यापेटीचा पलंग ठेवला. पलंगावर चिंधीची बाहुली.

केसरीनाथने तो पलंग उचलला आणि वरच्या खोलीत, खिडकीखाली, भिंतीला लागून सरळ ठेवला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा जिन्याखाली. अनसूया म्हणाली, बाय, चुलीपाशी अंथरूण घालत न्हाईत, लक्ष्मी रुसते. पलंग पुन्हा वर गेला. नीरजाने तो पुन्हा खाली आणला. आजोबांना त्यात गंमत वाटायला लागली. नातीलाही आपल्यासारखीच खोड आहे, फक्त उलटी, असं तो मला कौतुकाने सांगायला आला. शेवटी त्याने तो पलंग वरच्या खोलीत डिंकाने चिकटवूनच टाकला.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यावर होते. नीरजाने पलंग ओढला, तो निघेना, मग तिने असा हिसका दिला की खालचा रंगवलेला कागदही फाटून आला. केसरीनाथ चिडला. पलंग तिच्या हातातून काढून घेतला आणि चांगल्या घराची वाट लावलीस, म्हणून ओरडला. पोर रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं आणि विचारलं, की हा पलंग कोणाचा?

"आईचा," ती म्हणाली.

"आणि आई वर का नाही झोपत?"

"वर काका-काकू झोपतात. बाबा गच्चीवर. मी आजीजवळ. आईला चारला चहा ठेवायचा असतो ना."

तिने हे पाढे म्हटल्यासारखं सांगितलं. दीपेशच्या धाकट्या भावाचं दोन वर्षांपूर्वी लग्न झालं होतं, हे आम्हाला माहीत होतं. त्या लग्नानंतर खिडकीची खोली कोणाकडे गेली, हे विचारायचं कोणाला सुचलं नव्हतं. केसरीनाथच्या हातात तो पलंग तसाच होता. अनसूयेने पदर तोंडाला लावला आणि ती आत गेली.

मी त्याला सरळ सांगितलं, उद्या जा, आत शिर आणि डोळ्यांनी बघून ये. गॅसच्या टाक्यांजवळ पोर झोपते आणि तू तिला मोगरा नेऊन देतोस. तो म्हणाला की पोरं काय, काहीही मांडतात. मग म्हणाला की उद्या ड्युटी आहे. मग म्हणाला, शनिवारी जातोच हाय तर बघतो. मधल्या दिवसांत त्याने बागेला दोनदोनदा पाणी घातलं, एवढं मला दिसलं. अनसूया एकटी निघाली होती, तिला त्याने थांबवलं. बाईमाणूस भांडायला आली असं त्यांना वाटेल, मी नीट बोलतो, म्हणाला.

शनिवारी काय झालं ते त्याने मला नंतर पुन्हा पुन्हा सांगितलं, शब्दही न बदलता. तो पुडी घेऊन दारात गेला. रीमा आली. तिचे डोळे लाल होते, पण कांदा चिरत होते म्हणाली. त्याने विचारलं, रात्री कुठं झोपतेस? रीमा मागे बघून हळूच म्हणाली, "झोपते की बाबा. जागा कमी हाय, सगळेच कुठं कुठं झोपतात." तो म्हणाला, मला बघू दे. एवढ्यात बायजाबाई स्वतः बाहेर आल्या. आज अगदी दारापर्यंत, हातात पाण्याचा तांब्या घेऊन.

"या ना आत, व्याही," त्या म्हणाल्या. "किती वर्षं बाहेरच उभे राहणार? घोटभर पाणी घ्या, घर बघा."

खरं तर बाईने दार उघडून दिलं होतं. आत चार पावलांवर जिना होता. आणि हा तांब्याकडे बघत राहिला. नीरजाच्या पाठीवर मुलगा नाही, आपण पाणी घेतलं तर रीत मोडेल, घेतलं नाही तर अपमान होईल, हेच त्याच्या डोक्यात फिरत राहिलं. चार पावलांत लेकीचा जीव होता आणि याच्या डोक्यात तांब्या. शेवटी त्याने हात जोडले आणि म्हणाला, "नको विहीणबाई, रीत हाय आमची. पुढल्या खेपेस बघू." रीमाने पुडी नाकाशी धरली आणि वास घेतला. तो परत आला.

मला त्याने तेव्हा नुसतं बरी आहे म्हणून सांगितलं. आत गेलास का, विचारलं तर मान खाली. मला इतका संताप आला की मी दार लावून घेतलं. अनसूयेने त्या दिवशी चूल पेटवली नाही. येत्या सोमवारी मी आणि ती जायचं, असं आम्ही दोघींनी ठरवलं. सोमवारी नीरजाला ताप भरला. मंगळवारी जाऊ म्हटलं.

मंगळवारी पहाटे फोन आला. रात्री कधीतरी सिलिंडरची नळी सुटली होती. जिन्याखालची जागा बसकी, दारं बंद, गॅस तिथेच साचत राहिला. बाहेरून येणाऱ्या माणसाला उंबऱ्यातच वास आला असता. रात्रभर त्यातच झोपलेल्या माणसाला काय येणार? ती उठली, चहाचं आधण ठेवलं आणि काडी ओढली.

मुंबईच्या सरकारी दवाखान्यात ती काही दिवस होती. त्या दिवसांचं मी लिहिणार नाही. मी तिला एकदाच बघितलं आणि तेवढं मला पुरे आहे. शुद्धीत असताना तिचा जबाब घेतला. माझ्याच हातून झालं, कोणाचा दोष नाही, असं ती म्हणाली. हे तिचं शाळेपासूनचं उत्तर. त्यानंतर ती बोलली नाही. वैशाख संपायच्या आत गेली.

केसरीनाथचाही जबाब झाला. पोलीसवाला बरा माणूस होता, त्याने खुर्ची दिली, घाई केली नाही. सासरची माणसं सांगत होती की रीमा वर नवऱ्याबरोबर झोपायची, पहाटे खाली उतरली आणि अपघात झाला. दीपेश बाजूला उभा होता, तो वर बघत नव्हता. पोलीसवाल्याने विचारलं, मुलगी घरात कुठे झोपायची?

"जिन्याखाली," केसरीनाथ म्हणाला.

"तुम्ही पाहिलं होतं?"

"न्हाय."

"मुलीने तुम्हाला सांगितलं होतं?"

"न्हाय."

"मग कोणी सांगितलं?"

केसरीनाथ काय सांगणार? नातीच्या बाहुलीघरात पाहिलं म्हणणार? मी त्याच्याबरोबर गेले होते, म्हणून मीच सांगितलं, सगळं. पोलीसवाल्याने ऐकून घेतलं. सात वर्षांची मुलगी, तीही त्या रात्री घरात नव्हती, तो म्हणाला. मग त्याने केसरीनाथला विचारलं, की इतक्या वर्षांत तुम्ही एकदाही घरात गेला नाहीत? केसरीनाथने मान हलवली. कागदावर अपघात असं आलं. मी त्या माणसाला बोल लावत नाही. ज्याने बघायचं त्यानेच बघितलं नव्हतं.

दिवसकार्य झाल्यावर रीमाचे कपडे आणायला केसरीनाथ आणि मी गेलो. या वेळी तो उंबऱ्याशी थांबला नाही. भिंती काळ्या झाल्या होत्या. जिन्याखाली एक अर्धवट जळलेली चटई होती, खिळ्याला एक फणी अडकवलेली होती. केसरीनाथ वाकला आणि त्या तिरप्या जागेत आडवा झाला. मला कळेना, हा काय करतोय. त्याने पाय लांब करायला बघितले. टाच सिलिंडर ठेवायच्या चौथऱ्याला लागली. त्याने गुडघे पोटाशी घेतले, तेव्हा कुठे तो मावला. रीमा बापाएवढीच उंच होती. बायजाबाई कडेला उभ्या होत्या. त्यांनी कोणाला मारलं नव्हतं, उपाशी ठेवलं नव्हतं. जागा कमी, काम पहाटेचं, ही बोलत नाही, म्हणून हिला जिन्याखाली घातलं, एवढंच. मला त्यांची किळस आली आणि ते मी त्यांना सांगितलं.

घरी आल्यावर त्याने एक वेडेपणा केला. नीरजा बाहुलीघराकडे फिरकत नव्हती. हा तिथे बसला, फाटलेला कागद चिकटवला, आणि तो काड्यापेटीचा पलंग उचलून आपल्या हाताने जिन्याखाली ठेवला, ती ठेवायची तसा तिरपा. नीरजा आली, तिने बघितलं. तिने पलंग उचलला आणि आजोबांच्या हातात दिला.

"आता तिथं नको," ती म्हणाली. "आता कोण झोपत न्हाय."

केसरीनाथला त्याआधी मी रडताना पाहिलं नव्हतं. दवाखान्यात नाही, स्मशानातून परत आल्यावरही नाही. त्या दिवशी तो अंगणात चिनी गुलाबाच्या डब्यांमध्ये बसून असा रडला की डबे कलंडले, आणि ते कलंडलेलेच राहिले. अनसूया त्याच्याजवळ गेली नाही. ती दारात उभी राहून बघत होती. रीत, एवढाच एक शब्द ती म्हणाली आणि तो तिने थुंकल्यासारखा म्हटला.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी दीपेश नीरजाला न्यायला आला. पोर आजोळी राहिली तर लोक नाही नाही ते बोलतील, असं बायजाबाईंचं म्हणणं, म्हणून त्याला पाठवलेलं. खरं बोलायचं तर त्याचा मुलीवर जीवही होता. अनसूया म्हणाली, माझ्या मढ्यावरून न्या. मी वकिलाला विचारून आले होते. बाप जिवंत आहे, त्याच्यावर काही आळ नाही, मुलगी त्याची, असं वकील म्हणाला होता. आम्ही बायका तावातावाने बोलत होतो आणि नीरजा आपली पिशवी छातीशी धरून उभी होती. केसरीनाथ आत गेला. बाहेर आला तो खांद्यावर वळकटी आणि हातात कपड्यांची थैली घेऊन.

"चला," तो दीपेशला म्हणाला. "मी पण येतो."

दीपेशला वाटलं, पोचवायला येतोय. आम्हालाही तेच वाटलं. तो गेला, आणि राहिला.

पहिल्या दिवशी त्याने बायजाबाईंना सांगितलं की पोर कुठे झोपते ते आधी दाखवा. दाखवलेली जागा त्याला पटली नाही. वरच्या मजल्यावर, जिथे वारा येतो, तिथे त्याने तिचं अंथरूण घातलं आणि शेजारी आपली वळकटी सोडली. जेवायला वाढलं तर जेवला. पाणी दिलं तर प्यायला. चार दिवसांनी बायजाबाईंनी विचारलं, व्याही, कधी निघताय? तो बरं म्हणाला आणि दुसऱ्या दिवशीही तिथेच. गोदामाची नोकरी सुटली. बिशीत तो कांदे चिरतो, तांदूळ निवडतो, संध्याकाळी सगळ्या नळ्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघतो. रीमाचं निम्मं काम त्याच्या अंगावर आलं आहे, आणि फुकटचा गडी मिळाला म्हणून की काय, किंवा हा कधी पुन्हा पोलिसांकडे जाईल या भीतीने, ती माणसं त्याला उचलून बाहेर फेकत नाहीत. बोलतात मात्र वाटेल ते. धाकटी सून त्याच्या ताटात वाढताना भांडं आपटते. दीपेश त्याच्याशी बोलत नाही, पण रात्री त्याची वळकटी तोच उलगडून ठेवतो, असं नीरजा सांगते.

आमच्या गावात त्याची टिंगल झाली नाही असं कसं होईल? घरजावई ऐकला होता, घरसासरा आता बघितला, असं नवशा पानवाला म्हणाला. लोक हसले. त्याच्यासाठी वरातीमागून घोडं ही म्हण तर सगळ्यांच्याच तोंडी. मी नवशाला त्याच्या टपरीसमोर उभी राहून जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. म्हण खोटी नाही, पण वरात गेली तरी वाटेवर एक पोर उभी आहे ना.

अनसूया खारबावला एकटी आहे. यंदा मोगऱ्याची छाटणी झाली नाही. तरी थोडी फुलं आली, बारीक, कडेकडेने. ती खुडत नाही. पाणी घालते, कारण झाडांनी काय केलंय, म्हणते. पंधरवड्यातून एकदा भिवंडीला जाते, बिशीत बसून जेवते, नातीची वेणी घालते आणि परत येते. नवऱ्याशी बोलते ते कामापुरतं.

गेल्या आठवड्यात मीही गेले होते. दिवसपाळीचे कामगार जेवून उठत होते. केसरीनाथ भिंतीशी पाटावर बसून कांदे चिरत होता. एका वर्षात म्हातारा झाला आहे. विळीवर कांद्याच्या चकत्या पडत होत्या त्या जाड-बारीक, वेड्यावाकड्या. भिंतीवरचं कॅलेंडर एका खिळ्यावर लोंबत होतं आणि त्याचं तिकडे लक्षही नव्हतं. नीरजा वर अभ्यास करत होती, तिचा आवाज येत होता. आवाज थांबला की त्याचे हात थांबायचे, पुन्हा आला की चालायचे.

मी त्याला म्हटलं, बाबा रे, तुझं वय झालं, घरी बायको एकटी आहे, किती दिवस असा परक्याच्या दारात राहणार? पोर मोठी होईपर्यंत, तो म्हणाला. तोवर हे लोक ठेवतील का, मी विचारलं. जा म्हणत नाहीत का तुला?

"म्हणतात ना. रोज म्हणतात."

"मग?"

त्याने विळी आडवी केली, डोळे दंडाला पुसले. कांद्याचंच पाणी असेल.

"या म्हणत होते, बाई, तवा मी आत गेलो न्हाय," तो म्हणाला. "आता जा म्हणतात, तर जायचा न्हाय."